सगळे हसले, पण कोणालाच आवडलं नव्हतं

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला तेव्हा पहिल्या दोन दिवसांत ४१ जण गोळा झाले. जुने फोटो आले, सरांच्या नकला आठवल्या, कोण कुठे असतं याची चौकशी झाली. तिसऱ्या दिवशी बेचाळिसावा आला. कोणीतरी त्याचं स्वागत त्याच्या शाळेतल्या टोपणनावानं केलं. खाली हसून हसून रडणारे पिवळे चेहरे पडत गेले, वीस-बावीस तरी असतील. दहा मिनिटांत तो ग्रुप सोडून गेला. ‘च्यायला, अजून चिडतो हा,’ असं एकानं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशीच्या सुप्रभाताच्या फुलांखाली विषय गाडला गेला.

(ते टोपणनाव इथं लिहीत नाही. इतक्या वर्षांनी ते छापून आणायचं काम निदान मी तरी करू नये.)

त्या रात्री मला चार फोन आले. चौघांचं म्हणणं साधारण एकच होतं : ‘मला ते तेव्हाही आवडायचं नाही रे.’ चौघांनीही तो हसरा चेहरा टाकला होता. मीही टाकला होता.

कोडं म्हणतात ते हे. पन्नास मुलांचा वर्ग रोज एका मुलाला हसायचा. आज एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, तर जवळजवळ प्रत्येक जण सांगतो की आपल्याला ते बरं वाटत नव्हतं. मग हसत कोण होतं?

या प्रश्नावरून आम्ही सहा-सात जणांनी एका रविवारी आमच्या घरी बसायचं ठरवलं. नेहमीसारखं गाणीबिणी आणि जेवण असं नाही. ज्याला शाळा-कॉलेजात, नोकरीत असं काही भोगावं लागलं असेल त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकणं हे काम वाटतं तेवढं सोपं नाही, हे माहीत असल्यामुळे मी आधी थोडा अभ्यास केला. त्यातून कोडं बरंचसं सुटलं, आणि अशी बैठक नेमकी कुठल्या कळीवर बोट ठेवते तेही कळलं.

मस्करी कुठे संपते

मराठीत या प्रकाराला नेमका शब्द नाही, इथूनच अडचण सुरू होते. ‘दादागिरी’ म्हटलं की कॉलर धरणारा, डबा हिसकावणारा मुलगा डोळ्यांपुढे येतो. ‘छळ’ म्हटलं की सासुरवास नाहीतर पोलीस कोठडी आठवते. ‘चिडवणं’ तर इतकं हलकं, की त्याची तक्रार करणाराच हास्यास्पद ठरतो. ‘बुलिंग’ हा शब्द आता शाळांच्या फलकांवर पोचला आहे, पण घरी आल्यावर ‘आई, माझं बुलिंग होतंय’ असं कुठलं मूल म्हणतं? ते म्हणतं, ‘पोट दुखतंय, आज शाळेत नको.’

इतर भाषांनाही शब्द शोधावा लागला. १९६९ मध्ये पेटर-पाउल हाइनेमान या स्वीडनमधल्या डॉक्टरांनी एका मुलावर तुटून पडणाऱ्या टोळक्याबद्दल लिहिताना ‘मॉबनिंग’ असा शब्द वापरला. तो आला होता प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासातून. घुबड दिवसाउजेडी बाहेर दिसलं की सगळे कावळे कलकलाट करत त्याच्या मागे लागतात, ते आपण पाहिलेलं असतं, तसंच काहीसं. पण डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांना ही उपमा पुरती पटली नाही. ओल्वेउस मूळचे स्वीडनचे, पुढे नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये काम करत राहिले. शाळांमध्ये प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांना दिसलं की वर्गातलं भांडण कावळ्यांसारखं सगळ्यांनी मिळून सुरू केलेलं नसतं. सुरू करणारे एक-दोन असतात, बाकीचे भोवती असतात. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतल्या तीन किशोरवयीन मुलांनी आत्महत्या केल्या. त्या धक्क्यातून १९८३ मध्ये तिथं देशभर शाळांतून मोहीम निघाली आणि ओल्वेउस यांच्या कामाला सरकारी बळ मिळालं.

त्यांनी दिलेल्या तीन खुणा आजही वापरतात. दुखावण्याचा हेतू, पुन्हापुन्हा घडणं आणि ताकदीतला फरक. पहिल्या दोन सहज समजतात. तिसरी आपण विसरतो, आणि मस्करीची कुस्करी नेमकी तिथंच होते.

ती ओळखायला लहानपणीची कट्टी-बट्टी आठवावी. दोन मैत्रिणींची कट्टी होते तेव्हा दोघीही कट्टी घेऊ शकतात, दोघीही बट्टी करू शकतात. दोर दोघींच्या हातात. पण सगळ्या वर्गानं एकीशी कट्टी घेतली, तर तिनं उलट कट्टी घेऊन काय बिघडणार? तिच्या कट्टीला किंमतच नाही आणि बट्टी कधी करायची हेही तिच्या हातात नाही. दोन मित्र एकमेकांना वाट्टेल त्या शिव्या देतात, ते चालतं, कारण दोघांनाही तेवढीच मुभा असते. आमच्या त्या मित्राला आम्ही सगळे टोपणनावानं हाक मारायचो. त्यानं कोणाला तशी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

मोठ्यांच्या जगात याच कट्टीचं नाव ‘वाळीत टाकणं’. ते इतकं खरंखुरं दुखापत करणारं असतं की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. तो २०१७ पासून लागू आहे. अंगाला हात न लावताही माणसाला मोडता येतं हे कायद्याला पटलं. वर्गशिक्षकांना आणि आपल्याला पटायला वेळ लागतो, एवढंच.

शेकोटी

मग भोवतीचे काय करत असतात?

टोरांटोच्या शाळांमध्ये डेब्रा पेप्लर, वेंडी क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या अंगावर छोटे बिनतारी माइक लावले, दुरून कॅमेरे ठेवले आणि मैदानावर जे घडतं ते तसंच टिपलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींनुसार कोणाला तरी छळण्याच्या प्रसंगांपैकी ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. कोणीतरी मध्ये पडलं असे प्रसंग फक्त १९ टक्के. पण जेव्हा कोणी मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के वेळा, सगळा प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद. बुटाची नाडी बांधायला याहून जास्त लागतात.

इतक्या लवकर का थांबत असेल, याचं उत्तर फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टीना साल्मिवाल्ली यांच्या कामातून मिळतं. १९९६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वर्गातल्या मुलांच्या भूमिका वेगळ्या करून दाखवल्या. मला त्या समजल्या शेकोटीवरून. एक जण काडी ओढतो. एक-दोघं काटक्या आणून देतात; हे हाताखालचे साथीदार. काही जण नुसती फुंकर घालतात, म्हणजे हसतात, ‘अजून एकदा, अजून एकदा’ करतात. उरलेले बरेचसे काहीच करत नाहीत, भोवती बसून राहतात. पण त्यांच्या पाठींमुळे वारा अडतो आणि जाळ टिकतो. क्वचित एखादा पाण्याची बादली घेऊन येतो. शेवटी राहतो तो ज्याला त्या जाळात ढकललेलं असतं.

भोवती बसलेल्याला वाटत असतं की आपण यात नाही. जळणाऱ्याला मात्र आतून पाठींची भिंतच दिसते. काडी ओढणाऱ्यालाही तीच दिसते, आणि तिचा अर्थ तो ‘सगळ्यांना मजा येतेय’ असा घेतो. त्याला हवी असते वर्गातली पत, आणि ती देणारे हेच बसलेले. म्हणून एक जण नुसता उठून गेला तरी वारा आत शिरतो. फिनलंडनं २००९ पासून देशभर पसरवलेला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम याच तत्त्वावर उभा आहे : काडी ओढणाऱ्याइतकंच लक्ष भोवतीच्यांवर. (हे नाव ‘छळाविरुद्ध’ अशा अर्थाच्या फिनिश शब्दांवरून केलेलं आहे, आणि बोली फिनिशमध्ये ‘किवा’ म्हणजे छान. सरकारी योजनेला इतकं गोड नाव आपल्याकडे का सुचत नाही कोण जाणे.)

माझी भूमिका कुठली, हे वाचता वाचताच कळलं. मी फुंकर घालणाऱ्यांतला. मला नकला बऱ्या जमायच्या.

‘शंका आहे का कोणाला?’

आता मूळ कोडं. आवडत नव्हतं तर हसलो का?

गणिताचा तास आठवा. सर फळाभर उदाहरण सोडवतात, खडू ठेवतात आणि विचारतात, ‘समजलं? शंका आहे का कोणाला?’ वर्ग गप्प. प्रत्येकाच्या डोक्यात अंधार, पण प्रत्येक जण आजूबाजूला बघतो, कोणाचाच हात वर नाही. म्हणजे सगळ्यांना समजलेलं दिसतंय, मीच एकटा ढ. तोही गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्याकडे बघून शेजारचा गप्प बसतो. पन्नास जणांना न समजलेलं उदाहरण ‘सर्वांना समजलं’ म्हणून पुसलं जातं.

याला सामूहिक गैरसमज म्हणता येईल. मनातलं प्रत्येकाचं एकच, पण प्रत्येकाला वाटतं की आपण सोडून बाकी सगळे वेगळे आहेत, कारण आपलं मन आपल्याला आतून दिसतं आणि दुसऱ्याचा फक्त चेहरा दिसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; इथं सगळ्यांच्याच मुठी झाकलेल्या असतात.

चेहरे बघून माणूस किती फसतो, ते बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ मध्ये एका प्रयोगात दाखवलं. एका खोलीत विद्यार्थी अर्ज भरत बसलेले असताना भिंतीतल्या झडपेतून धूर सोडला. खोलीत एकटाच असलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण शेजारी दोन माणसं मुद्दाम निर्विकार बसवली, तेव्हा दहांपैकी एकच उठला. बाकीचे डोळे चोळत, हातानं धूर बाजूला सारत अर्ज भरत राहिले.

वर्गात याच्या जोडीला भीतीही असते. हसणं ही एक पावती असते : ‘मी यांच्यातला आहे, माझ्यावर राज्य आणू नका.’ जो हसत नाही तो नजरेत भरतो. म्हणून कधीकधी सगळ्यांत मोठ्यानं तोच हसतो ज्याला पुढचा नंबर आपला असल्याची धास्ती असते.

या गैरसमजाचं एक बरं आहे. तो उघड्यावर आला की टिकत नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये दाखवलं की कॅम्पसमधल्या दारूबाजीबद्दल विद्यार्थ्यांना मनातून जेवढी अस्वस्थता होती, तेवढी इतरांना नसावी असं प्रत्येकाला वाटत होतं. पुढे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात नव्या विद्यार्थ्यांना छोट्या गटांत बसवून याच गैरसमजाबद्दल बोलतं केलं. चार ते सहा महिन्यांनी पाहिलं तर, ज्या गटांत फक्त ‘जबाबदारीनं कसं प्यावं’ यावर चर्चा झाली होती, त्यांच्यापेक्षा हे विद्यार्थी कमी पीत होते. उपदेश कोणी केला नव्हता. ‘अरे, तुलाही तसंच वाटतं?’ एवढं कळलं होतं.

मला आलेले चार फोन हे चार मुठी उघडल्याचेच आवाज होते. पण ते एकेकटे आले होते. त्या चौघांना एकमेकांचं काहीच माहीत नव्हतं. घरी एकत्र बसायचं ते यासाठी.

चिडका बिब्बा

ज्याच्यावर हे घडतं त्यानं तेव्हाच का सांगितलं नाही, असं आपण विचारतो. सांगायची सोय आम्ही ठेवली होती का? चिडला तर ‘चिडका बिब्बा’. रडला तर रडीचा डाव. घरी सांगितलं तर ‘आईचं बाळ’. सरांना सांगितलं तर चहाडखोर. गप्प बसला तर ‘बघ, त्यालाही चालतंय’. आमच्या बालपणीच्या शब्दसंग्रहात तक्रारीच्या प्रत्येक वाटेवर एकेक टोमणा राखणदार म्हणून बसवलेला होता.

आणि नुसतं बाजूला ठेवणं? ते तर कोणाला दिसतही नाही. किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत कुत्र्याला घेऊन बसले होते. दोन अनोळखी माणसं खेळत असलेली फ्रिस्बी, म्हणजे ती फेकायची चकती, त्यांच्याजवळ येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, त्या दोघांनी यांना खेळात घेतलं, आणि थोड्या वेळानं काही न बोलता यांच्याकडे टाकणं बंद केलं. मोठा माणूस, अनोळखी लोक, काही मिनिटांचा खेळ, तरी लागलं. त्यावरून त्यांनी संगणकावरचा चेंडूफेकीचा एक साधा खेळ प्रयोगासाठी बनवला. पुढच्या प्रयोगांत दिसलं की समोरचे खेळाडू माणसं नसून संगणकच आहे हे आधी सांगितलं, तरी चेंडू येईनासा झाला की लोकांना वाईट वाटतंच. आपल्या गल्लीतल्या खेळात धाकट्या भावंडाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घ्यायचे. त्याच्यावर राज्य नाही, तो बाद होत नाही, पण तो खेळात असतो. ज्या कुणाच्या डोक्यातून ही युक्ती निघाली त्याला हे सगळं न शिकता ठाऊक होतं.

हे लहानपणीच संपतं असंही नाही. ब्रिटनमध्ये १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला जातो आहे. त्यांतल्या ७,७७१ जणांबद्दलचा अभ्यास २०१४ मध्ये आला. सात आणि अकरा वर्षांच्या वयात ज्यांना असा त्रास झाल्याचं पालकांनी सांगितलं होतं, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त होतं. प्रत्येकाचं असं होतं असा याचा अर्थ नाही; खूप जण सावरतात, मजेत असतात. पण ‘लहान होतो, विसरला असेल’ हे म्हणायचा अधिकार, निदान हसणाऱ्यांना, उरत नाही.

हुंकार

बैठकीचा गाभा म्हणजे ऐकणं. ते कसं काम करतं?

आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्यायची अट असे. ‘हं’ म्हटलं नाही तर आजी थांबायची. आम्हाला वाटे की झोपलो नाही ना, हे ती तपासते आहे. खरं कारण मला कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या जॅनेट बॅव्हेलास यांच्या २००० मधल्या प्रयोगातून कळलं. एकानं आपल्यावरचा जीवघेणा प्रसंग थोडक्यात कसा टळला ते सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप एक काम दिलं : सांगणाऱ्याच्या बोलण्यातले ‘टी’ या अक्षरानं सुरू होणारे शब्द मोजा. ते समोर बसले होते, बघत होते, फक्त अर्थात नव्हते. परिणाम सांगणाऱ्यांवर झाला. त्यांच्या गोष्टी ढेपाळल्या, आणि सगळ्यांत जास्त ढेपाळल्या ऐन शेवटाला. ते अडखळले, तोच शेवट पुन्हा सांगू लागले, हे इतकं धोक्याचं कसं होतं याची सफाई देऊ लागले. म्हणजे गोष्ट एकटा सांगत नाही, हुंकार देणाराही ती रचत असतो.

आता एक बारा वर्षांचा मुलगा संध्याकाळी घरी येऊन सांगू बघतोय. वडिलांचे डोळे पेपरात, आईचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे. दोघं ‘हं’ म्हणतायत, पण शिट्ट्या मोजणारं. मुलगा ऐन मुद्द्याला येऊन अडखळतो आणि म्हणतो, ‘जाऊ दे, काही नाही.’ गोष्ट तिथं मोडते. काहींच्या बाबतीत ती चाळीस वर्षं तशीच मोडलेली राहते.

हुंकाराइतकीच शांतता लागते, आणि ती फार अवघड. जगातल्या दहा भाषांतल्या संभाषणांची मोजणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. त्यामुळे तीन-चार सेकंदांची शांतता आपल्याला विहिरीएवढी वाटते आणि यजमान घाईनं तिच्यात ‘चहा टाकू का?’ ढकलतो. थांबावं. जे सांगायला माणूस आलेला असतो ते बहुधा त्या चौथ्या-पाचव्या सेकंदानंतर येतं.

बोलण्याचं प्रस्थही फार माजवू नये. बेल्जियमचे बर्नार्ड रिमे यांनी वर्षानुवर्षं अभ्यासून दाखवलंय की भावना नुसती बोलून टाकल्यानं ती ओसरतेच असं नाही. बोलल्यावर बरं वाटतं, जवळीक वाढते, पण डंख तसाच राहू शकतो. अमेरिकेतल्या अमांडा रोज यांना २००२ मध्ये मुलामुलींच्या मैत्रीत आढळलं की जिथं तेच दुःख पुन्हापुन्हा उगाळलं जातं तिथं मैत्री घट्ट असते आणि उदासीही जास्त असते. म्हणून ‘काय झालं?’ इथून बोलणं हळूहळू ‘तेव्हा कोणी काही केलं का? तू काय केलंस? आज त्याकडे बघताना काय दिसतं?’ इकडे सरकावं लागतं. ढकलायचं नाही, सरकू द्यायचं.

┌─ चौकट : घरी अशी बैठक ठरवताना ─┐

• पाच ते आठ माणसं पुरेत. विषय बोलावतानाच सांगावा. जेवायला बोलावून अचानक काढू नये.

• ज्यानं त्रास दिला आणि ज्याला झाला, त्यांना दोघांच्या संमतीवाचून समोरासमोर बसवू नये. ही बैठक आहे, पंचायत नव्हे.

• भिशीत ज्याचा नंबर त्याची रक्कम; तसा ज्याचा नंबर त्याचा वेळ. ‘माझा पास’ म्हणायची मुभा हवी.

• ‘लहान होतो रे’, ‘तू एक ठेवून द्यायची होतीस’, ‘म्हणूनच आज इतका कणखर झालास’, ‘माझं तर याहून भयंकर’ ही चार वाक्यं त्या दिवशी घराबाहेर. पहिलं प्रसंग पुसतं, दुसरं दोष सांगणाऱ्यावर टाकतं, तिसरं त्रास देणाऱ्याला गुरू बनवतं, चौथं नंबर हिसकावतं.

• ऐकलेलं दुसरीकडे सांगायचं नाही. ग्रुपवर तर नाहीच.

• त्रास आज चालू असेल तर ऐकण्यावर थांबू नये. मुलांसाठी १०९८, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, कॉलेजातल्या रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी नियम २००९ पासून. कोणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं, तर त्याला एकटं सोडू नये आणि लगेच मदत बोलवावी.

└──────────────┘

दडपे पोहे

खाण्याचा प्रश्न मला वाटला त्याहून महत्त्वाचा निघाला. थालीपीठ केलं तर बायको किंवा मी तव्यापाशी अडकणार. चिवडा ठेवला तर कोणाचं तरी रडू येण्याच्या क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी दाताखाली शेंगदाणा वाजणार. शेवटी दडपे पोहे केले. आधी कालवून झाकून ठेवायचे, जितके मुरतील तितके चांगले, आणि खाताना आवाज नाही. फोन टोपलीत टाकून टोपली स्वयंपाकघरात ठेवली. जाजमावर गोल बसलो. खुर्च्या मुद्दाम काढल्या, कारण आमच्यात एक जण मोठा अधिकारी आहे आणि खुर्चीत बसला की त्याचा आवाज बदलतो.

पहिला अर्धा तास वाया गेला. सगळे विनोद करत होते. मग एक मैत्रीण, जी शाळेत पहिली यायची आणि जिच्याबद्दल कोणाला शंकाही आली नसती, म्हणाली की आठवी-नववीत मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी डबा खायला कोणी बसायचं नाही. ती दोन वर्षं वाचनालयात उभ्यानं डबा खायची. ‘वाचनाची फार आवड’ म्हणून तिला बक्षीसही मिळालं होतं. आम्ही हसायच्या बेतात होतो. कोणी हसलं नाही. बराच वेळ शांतता होती आणि मी ‘चहा’ हा शब्द दोनदा गिळला.

त्यानंतर मुठी उघडत गेल्या. एकाला वसतिगृहात रोज सीनिअरांचे कपडे धुवावे लागले होते. ते तो इतकी वर्षं मजेदार किस्सा म्हणून सांगत आला होता, त्या दिवशी तसा सांगता येईना. अधिकारी म्हणाला की त्याच्या कार्यालयात एका कनिष्ठाची रोज टिंगल होते, आणि तो ‘वातावरण खेळीमेळीचं राहतं’ म्हणून काही बोलत नाही. ‘म्हणजे मी पाठ करून बसलेला,’ असं तो स्वतःच म्हणाला. शेकोटीचं मी आधी सांगून ठेवलं होतं.

माझा नंबर आला तेव्हा मी सांगितलं की ते टोपणनाव मी ठेवलं होतं. नुसतं नाव नाही, चालण्याची नक्कलही मी बसवली होती. त्यांना माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं की ते नाव ‘असंच’ पडलं. मला काय अपेक्षा होती ठाऊक नाही, बहुतेक कोणीतरी ‘लहान होतो रे’ म्हणावं अशी असावी. पण चारही वाक्यांवर बंदी मीच घातली होती.

ग्रुप सोडून गेलेल्याला आम्ही बोलावलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून ग्रुपवर माफी मागावी असं एकानं सुचवलं. वाचनालयातली मैत्रीण म्हणाली, ‘म्हणजे पुन्हा चाळीस जणांसमोर त्यालाच उभं करायचं? आणि त्यानं “ठीक आहे” म्हणून आपल्याला मोकळं करायचं?’ तो बेत तिथंच बारगळला. ठरलं ते एवढंच की नववीत त्याच्या बाकावर बसणाऱ्यानं फोन करावा. त्यानं न उचलला तर पुन्हा करू नये.

त्यानं उचलला. अकरा मिनिटं बोलणं झालं, त्यातली सहा-सात गुडघेदुखी आणि मुलीच्या लग्नावर गेली. मग बाकावरच्या मित्रानं आमच्या घरच्या रविवारबद्दल सांगितलं. कोण कोण होतं, त्यानं विचारलं. मित्रानं एकेक नाव घेतलं. प्रत्येक नावानंतर पलीकडून ‘हं’ येत होतं. माझं नाव शेवटी होतं, आणि मी काय कबूल केलं तेही मित्रानं, मी सांगितलं होतं तसं, सांगून टाकलं.

पलीकडे बराच वेळ काहीच नव्हतं. मग तो म्हणाला, ‘मग?’